न्हाणीतला वास आणि गच्चीवरची झाकणं

डोंबिवलीच्या एका वाचक ताईंचं सविस्तर पत्र आलं आहे. नाव-पत्ता वगळून त्याचा गोषवारा असा:

'चार मजली जुन्या सोसायटीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी, नवरा, सासूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी. गेल्या दिवाळीपासून बाथरूममध्ये गटारासारखा वास येतो. सकाळी सात ते नऊ सगळ्यात जास्त, आणि तेव्हाच न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो. मी रोज घासते, अॅसिड टाकते, डांबरगोळ्या ठेवते. सासूबाई म्हणतात, नोकरीच्या धावपळीत तुझ्याकडून नीट सफाई होत नाही. नणंद राहायला येणार होती, तिला मी काहीतरी कारण सांगून टाळलं. नवऱ्याला खात्री आहे की चौथ्या मजल्यावरच्यांनी बाथरूम नवीन करून घेतलं तेव्हाच काहीतरी गडबड झाली. त्या काकू सकाळ-संध्याकाळ बाथरूमपाशी धूप लावतात, म्हणजे त्यांना ठाऊक आहे, असं तो म्हणतो. दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. प्लंबर म्हणतो, जाळीखाली रबरी झडप बसवा, नाहीतर बाथरूम फोडून पाइप बदला. गेल्या वर्षी सोसायटीने गच्चीवर पत्र्याची शेड केली, तिथले पाइप कापून वर झाकणं लावली, तेव्हापासून गच्चीवरचा वास तरी गेला. मग आमच्याच घरात हे का? रोज अॅसिड टाकू का? सासूबाईंना कसं समजावू? कधी कधी वाटतं, फ्लॅटच विकून टाकावा.'

ताई, तुमचं पत्र वाचताना शेवटाकडच्या एका वाक्यापाशी मी थांबले. गच्चीवरचे पाइप कापले, वर झाकणं लावली. तुम्ही ते ओघात लिहिलंय, तिथला वास गेला एवढंच सांगायला. पण गच्चीवरचा वास जाणं आणि तुमच्या घरात येणं या दोन वेगळ्या गोष्टी नसाव्यात असं मला वाटतं. पत्रावरून शंभर टक्के सांगता येत नाही, म्हणून तपासायचं कसं तेही पुढे लिहिते. पण बाथरूम फोडायच्या आधी, घर विकायचा विचार करायच्या आधी, चौथ्या मजल्याशी आणखी वाकडं यायच्या आधी एकदा गच्चीवर जाऊन ती झाकणं बघून या.

आधी सफाईचं बोलू. तुमच्या मूळ पत्रात 'मी रोज घासते' हे तीनदा आलंय. स्वतःच्याच घरात एवढं सिद्ध करावं लागतंय, याचं मला वाईट वाटलं. न घासलेल्या न्हाणीलाही वास येतो, नाही असं नाही. साबणाचा चिकटा, अडकलेले केस, तेलकट पाणी. पण तो वास आंबूस असतो, दिवसभर थोडाफार असतोच, आणि घासल्यावर काही वेळ तरी जातो. तुमच्याकडचा वास सकाळी सात ते नऊ येतो, म्हणजे चारही मजल्यांवर आंघोळी, फ्लश आणि वॉशिंग मशीन एकदम चालू असतात तेव्हा. शिवाय तो गुडगुडीबरोबर येतो. घाण गुडगुडत नाही. गुडगुडते ती पाण्यातून वाट काढणारी हवा.

ही हवा कुठून येते ते नीट समजून घ्या, कारण उद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुम्हालाच हे सांगावं लागणार आहे. न्हाणीच्या जाळीखाली, बेसिनखाली आणि कमोडच्या बुडात एक ट्रॅप, म्हणजे पाइपाचं वाकडं वळण, असतो आणि त्यात थोडं पाणी कायम साठून राहतं. घरातली हवा आणि गटारातली हवा यांच्यामध्ये तेवढं पाणीच काय ते आडवं असतं. ही वाकड्या नळीची युक्ती बरीच जुनी आहे. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली तिचं पेटंट घेतलं होतं. आपल्याकडच्या न्हाणी ट्रॅपमध्ये या पाण्याची खोली साधारण ५० मिलिमीटर धरतात, म्हणजे जेमतेम दोन इंच. दोन इंच पाणी हलवायला फार जोर लागत नाही. पाइपमधल्या हवेचा दाब शेकडा एक इतका जरी कमी-जास्त झाला, तरी ते पाणी खाली ओढलं जातं किंवा वर ढकललं जातं.

आता चौथ्या मजल्यावर कुणी फ्लश केला असं समजा. ते पाणी उभ्या पाइपातून वेगाने खाली येतं. येताना पुढची हवा दाबत येतं आणि मागे पोकळी सोडत येतं. ती पोकळी भरायला वरून हवा मिळायला हवी. पत्र्याच्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात पडतं, समोरच्या बाजूला दुसरं पाडलं की सरळ धार लागते, ते ह्याच कारणाने. इमारतीच्या पाइपाचं दुसरं भोक म्हणजे गच्चीवर उघडं ठेवलेलं टोक. त्यालाच व्हेंट म्हणतात. ते बंद केलं की पाणी हवा मिळेल तिथून ओढतं, आणि सगळ्यात सोपी वाट तुमच्या-माझ्या न्हाणीच्या ट्रॅपमधून असते. ट्रॅपमधलं पाणी आधी गुडगुडतं, मग त्यातलं थोडं पाइपात निघून जातं. ते पुरेसं गेलं की गटारातली हवा थेट तुमच्या बाथरूममध्ये. तळमजल्यावर याच्या उलट होतं. तिथे पाणी आडव्या पाइपात वळताना पुढची हवा दाबली जाते, म्हणून न्हाणीतून बुडबुडे येतात, कधी साबणाचा फेससुद्धा वर येतो. तुमच्या तळमजल्यावरच्यांना हे विचारून बघा.

आणि आता त्या काकूंबद्दल. वरचं टोक बंद असेल, तर पाणी ओढून घेण्याचा त्रास वरच्या मजल्यांना जास्त होतो. त्यांचे ट्रॅप त्या बंद टोकाला सगळ्यात जवळचे. म्हणजे काकू सकाळ-संध्याकाळ धूप लावतात, त्या बहुधा तुमच्यासारख्याच वासाने बेजार आहेत म्हणून लावतात. तुमच्या यजमानांनी धुपाचा जो अर्थ काढला, तो रागाच्या भरात निघालेला दिसतो. नवीन बाथरूम करताना चुका होतात हे खरं, ती शक्यता मी सोडत नाही. पण ती तपासायलाही त्यांच्या घरात जावंच लागेल, आणि भांडणाने दार उघडत नाही. तुम्ही स्वतः वर जा. 'तुमच्यामुळे आम्हाला त्रास होतो' असं न म्हणता 'तुमच्याकडेही वास येतो का हो काकू?' एवढंच विचारा.

घरच्या घरी तपासायचं ते असं. सकाळची गर्दी ओसरल्यावर न्हाणीची जाळी उचला आणि आत टॉर्च मारा. जुन्या ट्रॅपमध्ये जाळीखाली एक उपडी वाटी असते, तिच्या कडा पाण्यात बुडलेल्या असतात. पुष्कळ घरांत केस अडकतात, पाणी तुंबतं म्हणून ही वाटी कुणीतरी काढून ठेवलेली असते. ती नसेल तर तुमच्या ट्रॅपला अडसरच उरलेला नाही, मग गच्चीवरची टोकं उघडी असली तरी वास येणार. वाटी असेल तर ती काढून धुवा, आत तांब्याभर पाणी ओता, पाणी जिथपर्यंत येतं तिथे एक काडी धरून पेन्सिलीने खूण करा आणि वाटी परत बसवा. मग वरच्या दोन्ही मजल्यांवर एकाच वेळी फ्लश करायला आणि बादलीभर पाणी ओतायला सांगा. तुम्ही जाळीपाशी उभ्या राहून ऐका, आणि नंतर काडी घालून पाणी पुन्हा मोजा. पाणी खूणेच्या खाली गेलं असेल तर ते ओढलं गेलं, दुसरं काही नाही. हे करताना दुसरा नळ चालू ठेवू नका, नाहीतर ट्रॅप पुन्हा भरेल आणि काही कळणार नाही.

आणखी एक. बाथरूमचं दार लावून एक्झॉस्ट फॅन चालू करा आणि टिश्यू कागदाची पातळ पट्टी जाळीवर धरा. पट्टी वर उडत असेल तर पंखा ट्रॅपमधूनच हवा खेचतोय. उदबत्ती किंवा काडेपेटी अजिबात लावू नका, गटाराच्या हवेत मिथेन असतो. पंख्याची ही गोष्ट किरकोळ नाही. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स या श्वसनाच्या आजाराची लागण तीनशेहून जास्त लोकांना झाली. चौकशीत जी कारणं पुढे आली, त्यात बाथरूमच्या जमिनीतले कोरडे पडलेले ट्रॅप आणि त्यांतून हवा खेचणारे पंखे हे एक मोठं कारण होतं. भीती घालायला मी हे सांगत नाही. न्हाणीतल्या त्या दोन इंच पाण्याला लोक फार हलक्यात घेतात, म्हणून सांगते.

तपासणीत पाणी जागच्या जागी राहिलं, गुडगुडही झाली नाही, आणि तरी वास आलाच, तर कारण दुसरं आहे. वास दिवसरात्र सारखा असेल तर कमोडच्या बुडाचा जोड किंवा डक्टमधल्या पाइपाचा जोड सुटलेला असू शकतो. फक्त पावसाळ्यात येत असेल तर खालचा चेंबर भरतोय का बघा. ड्राय बाल्कनीत असेल तर मशीनची नळी नुसती पाइपात खुपसलेली आहे का, तिच्याभोवती फट आहे का, हे आधी पाहा.

प्लंबरने सांगितलेल्या उपायांचं आता बघू. रबरी झडप काही अगदी टाकाऊ नाही. झुरळं थांबतात, वासही काही दिवस थांबेल. पण पाइपाला हवा हवीच आहे. तुमच्या झडपेने ती गरज भागत नाही, पाइप कुणाचा ना कुणाचा ट्रॅप ओढतच राहील. शिवाय रबराच्या पाकळीत केस आणि साबण अडकून ती अर्धवट उघडी राहायला लागते. घाईची मलमपट्टी म्हणून चालेल, पण त्यावर थांबू नका. बाथरूम फोडायचा उपाय मात्र आत्ता मुळीच नको. नवीन पाइप, नवीन टाइल्स, सगळं झालं तरी तो पाइप त्याच बंद टोकाला जाऊन मिळणार. एक तिसरा उपाय तुम्हाला कुणीतरी सुचवेल, फक्त आत हवा घेणारी झडप. उघडं टोक नेणं शक्यच नसेल अशा एखाद्या कोपऱ्यातल्या बेसिनसाठी ती चांगली असते. पण ती आतली दाबलेली हवा बाहेर सोडत नाही, त्यामुळे इमारतीच्या मुख्य पाइपाला ती पुरेशी नाही.

अॅसिड थांबवा. वास हवेतून येतोय, त्यावर अॅसिडचा काही उपयोग नाही. उलट टाइल्समधला सिमेंटचा भरणा खाल्ला जातो आणि तिथून खालच्या घरात गळती सुरू होते. त्याहून मोठा धोका म्हणजे टॉयलेटचं अॅसिड आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. घरात मुलगी आहे, सासूबाई आहेत. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच जागी कधीही वापरू नका. डांबरगोळ्याही काढून टाका. त्यांनी वास झाकला जातो आणि खरं कारण शोधणं अवघड होतं.

मग सोसायटीकडे काय मागायचं? नुसतं 'वास येतो' असं लिहून देऊ नका, त्यावर सेक्रेटरी 'फिनाइल टाका' म्हणतील. अर्जात लिहा की गच्चीवर व्हेंट पाइपांची टोकं बंद केली आहेत, त्यामुळे ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं, आम्ही अमुक तारखेला ते तपासलं आहे, आणि पाइप पुन्हा उघडे करावेत. तुमच्या अर्जावर चौथ्या मजल्याची आणि तळमजल्याची सही असेल तर त्याचं वजन वेगळं पडेल. खर्च कुणाचा, यावर वाद झाला तर एवढं लक्षात ठेवा: सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये ड्रेनेज लाइन, सेप्टिक टँक आणि गच्ची यांची दुरुस्ती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायची कामं म्हणून दिलेली आहेत. एकट्या तुमच्या घरावर हा खर्च येत नाही.

गच्चीवर ज्यांना वासाचा त्रास व्हायचा त्यांचंही खोटं नव्हतं, हे मीटिंगमध्ये तुम्ही आधीच मान्य करा. गच्चीवर हळदी होतात, कोजागिरी होते, पापड वाळतात. पाइपाचं टोक कमरेइतक्या उंचीवर असेल तर कुणीही वैतागेल. चूक झाकणात होती, तक्रारीत नव्हती. त्यावर आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतच उत्तर आहे. गच्चीचा वापर होत असेल तर व्हेंट पाइप गच्चीच्या वर किमान २ मीटर न्यायचा, आणि ३ मीटरच्या आत एखादी खिडकी असेल तर तिच्या माथ्यापेक्षाही तेवढाच उंच. तुमच्याकडे आता शेड आहे, म्हणजे पाइप शेडच्या कडेने पत्र्याच्या वर काढायचे. पत्र्याखाली सोडले तर वास शेडमध्येच कोंडेल, आणि मग पुन्हा कुणीतरी झाकण लावेल. वर जाळीदार टोपी बसवायची, म्हणजे पक्षी घरटं करणार नाहीत आणि उडत आलेली प्लॅस्टिकची पिशवी आत जाणार नाही. पैसे वाचवायला वरचा तुकडा बारीक पाइपाचा जोडू देऊ नका. अख्ख्या कामाला काही मीटर पाइप, जोड, क्लॅम्प आणि एखाद्या दिवसाची मजुरी लागते. बाथरूम फोडण्याशी याची तुलनाच नाही.

मीटिंगमध्ये कुणी 'चेंबरमध्ये माणूस उतरवून एकदा साफ करून घेऊ' म्हणालं, तर तुम्ही ठामपणे नाही म्हणा. गटारातला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू जास्त झाला की नाकाला त्याचा वास कळेनासा होतो, आणि माणूस आत कोसळतो. २०१३ च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवून अशी धोकादायक सफाई करून घेण्यावर बंदी आहे. चेंबर साफ करायचाच असेल तर मशीनची गाडी बोलवायची.

सासूबाईंचं आता. त्यांचं लहानपण वाड्यात किंवा चाळीत गेलं असेल, तर तिथल्या मोरीला ट्रॅप नसायचा. पाणी उघड्या गटारात जायचं, आणि मोरीला वास आला की ती घासायची राहिली एवढाच त्याचा अर्थ असायचा. त्या हिशेबाने त्या तुम्हाला बोलतात. त्यांचा हिशेब त्यांच्या घरापुरता बरोबर होता, या इमारतीला तो लागू पडत नाही. म्हणून त्यांना समजावत बसू नका. काडीची तपासणी कराल तेव्हा टॉर्च त्यांच्या हातात द्या. वर फ्लश झाला की खाली पाणी कसं हलतं, कसं गुडगुडतं, ते त्यांना स्वतः बघू दे. आणि बघून झाल्यावर 'पाहिलंत ना?' असं म्हणू नका. त्या काहीच बोलल्या नाहीत तरी चालेल. मात्र यजमानांशी तुम्ही स्पष्ट बोलायला हवं. ते चौथ्या मजल्यावर चिडले, पण घरात सफाईवरून तुम्हाला बोल लागत होते तेव्हा ते तुमच्या बाजूने काही बोलल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही. अर्ज लिहायचं आणि गच्चीवर प्लंबरबरोबर जायचं काम त्यांच्याकडे द्या.

हाच त्रास वेगळ्या रूपात असणाऱ्या वाचकांसाठी दोन-तीन गोष्टी. फ्लॅट बंद ठेवून कुणी गावी किंवा मुलांकडे परदेशी जात असाल, तर उन्हाळ्यात ट्रॅपमधलं पाणी वाळून जातं आणि परत आल्यावर घरभर वास भरलेला असतो. निघायच्या दिवशी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वरून चमचाभर खाद्यतेल घाला, तेलाच्या थराने पाणी सावकाश उडतं. गावाकडे बंगला बांधताना सेप्टिक टँक करत असाल, तर त्याचा व्हेंट पाइप छताच्या वर न्या आणि टोकाला डासांची जाळी बांधा. दोन शोषखड्ड्यांचा संडास असेल तर व्हेंट लागत नाही, तिथला वायू मातीतच जिरतो. आणि जुन्या इमारतींच्या गच्चीवर कुणी वॉटरप्रूफिंगचं काम काढत असेल, तर कंत्राटदाराच्या यादीत 'पाइप कापून बंद करणे' अशी ओळ आहे का ते सही करण्याआधी वाचा.

ताई, फ्लॅट विकायचा विचार आत्ता बाजूला ठेवा. झाकणं निघाल्यावर सगळ्या ट्रॅपमध्ये पाणी भरा, वाट्या जागेवर बसवा, आणि आठ-दहा दिवस सकाळची वेळ बघा. गुडगुड थांबली आणि वास गेला, तर पुढे काहीच करायचं नाही. गुडगुड थांबली पण वास थोडा राहिला, तर कमोडच्या बुडाचा जोड एकदा उघडून बघायला सांगा. ते काम अर्ध्या दिवसाचं आहे, टाइल्स फोडाव्या लागत नाहीत. आणि नणंदेला फोन करून तारीख विचारा.